शत्रूला ‘तुम्ही’ म्हणायचं

सिव्हिल वॉरला मराठीत काय म्हणतात, असं माझ्या मुलीनं मला विचारलं तेव्हा मी कढीला फोडणी देत होते. मी म्हटलं, "यादवी."

"यादी?"

"यादी नव्हे गं बाई, यादवी. यादव आपापसात भांडले आणि एकमेकांना मारून संपले. म्हणून यादवी."

"कशावरून भांडले?"

"प्यायले होते."

"दॅट्स इट?"

"दॅट्स इट. ताटं घे."

मुलगी तेव्हा हायस्कूलच्या शेवटच्या वर्षात जाणार होती. सगळी पोरं स्पॅनिश घेतात, हिनं जपानी घेतलं होतं, आणि आमच्या अमेरिकेतल्या कॅरी गावातल्या घरात उठता-बसता जपान चालू असायचं. त्या उन्हाळ्यात तिला तैरा आणि मिनामोतो या दोन सामुराई घराण्यांच्या यादवीनं पछाडलं होतं. आठशेहून जास्त वर्षांपूर्वीची गोष्ट. तैरांचे झेंडे लाल, मिनामोतोंचे पांढरे. तैरा राजधानीतून पळाले ते लहानग्या राजाला बरोबर घेऊन, वर राज्याची पवित्र तलवार, आरसा आणि रत्न उचलून. म्हणजे राजा ज्याच्याकडे, देव त्याच्याकडे, असा हिशोब. शेवटी समुद्रावरच्या लढाईत हरायची वेळ आली तेव्हा राजाच्या आजीनं त्या नातवाला उचललं आणि बोटीवरून पाण्यात उडी मारली. हे सगळं माझी मुलगी मला भरल्या ताटावर सांगायची. मी म्हणायचे, जरा घास गिळू दे गं.

पण एक गोष्ट तिनं सांगितली आणि माझा घास खरंच हातात राहिला.

समुद्रकाठची लढाई. तैरा हरून बोटींकडे पळतायत. पांढऱ्या बाजूच्या एका वयस्क योद्ध्याला पाण्यात शिरलेला एक उंची चिलखतवाला दिसतो. तो त्याला हाक मारून परत बोलावतो, झटापट करून वाळूत पाडतो, आणि डोकं कापण्यासाठी त्याचं शिरस्त्राण मागं सारतो. बघतो तर काय, पोरगं! सोळा-सतरा वर्षांचं, आपल्या मुलाच्या वयाचं. म्हाताऱ्याला वाटतं, सोडावं याला. याला मारून काही लढाई जिंकायची नाही की सोडून हरायची नाही. पण मागं वळून बघतो तर त्याचीच माणसं घोड्यांवरून येतायत. ती बघतायत. मग तो रडत रडत त्या पोराला मारतो. आणि त्या पोराच्या कमरेला एक बासरी सापडते. आदल्या रात्री शत्रूच्या छावणीतून जी बासरी ऐकू येत होती, ती यानंच वाजवलेली.

मी म्हटलं, "हे आपण गणपतीत करायचं."

मंडळाचं गणपतीतलं मुलांचं नाटक कितीतरी वर्षं माझ्या गळ्यात होतं. दिवसभर मी एका औषध कंपनीत क्वालिटीत काम करते, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढते, आणि संध्याकाळी तेच नाटकात करते. मी सांगलीची. आवाज मोठा, राग नाकावर. मुलं मला घाबरतात आणि तरी येतात, कारण तालमीनंतर मी भेळ करते. दरवर्षीच्या दरबाराला आणि ‘महाराजांचा विजय असो’ला ती कंटाळली होती. सामुराई म्हटल्यावर नुसता कल्ला झाला.

तर चिलखतं आम्ही जुन्या योगा मॅटची केली. शिरस्त्राणं म्हणजे सायकलची हेल्मेटं, त्यांना पुठ्ठ्याची शिंगं. पांढरे झेंडे नवरोबांच्या धोतराचे, लग्नानंतर त्यांनी ते नेसलं नव्हतंच. आणि तैरांचे लाल झेंडे ओटीच्या ब्लाउजपीसचे. इथल्या कुठल्याही मराठी बाईच्या कपाटात ते ब्लाउजपीस असतात, कोणी शिवत नाही, या हळदीकुंकवाला मिळालेला त्या हळदीकुंकवाला जातो. मी सगळ्याजणींना म्हटलं, लाल असतील ते आणून टाका. ढीग जमला. त्यात माझ्या मैत्रिणीनं आणलेला एक पीस मीच तिला कधीतरी दिलेला होता, सोनेरी बुट्ट्यांचा. आम्ही दोघी पोट धरून हसलो.

ही मैत्रीण नागपूरची. आम्ही दोघी एकाच उन्हाळ्यात इथं आलो, एकाच अपार्टमेंटमध्ये समोरासमोर राहिलो. तिच्या बाळंतपणाला तिच्या आईला व्हिसा मिळाला नाही, तेव्हा डिंकाचे लाडू मी केले, बाळाला पहिली आंघोळ मी घातली. त्यामुळे त्या बाळाची मी मावशी. आता हे इथं न राहणाऱ्याला सांगायला हवं. आमच्या या गावात आईबापाच्या ओळखीची झाडून सगळी बायकामंडळी काकू. देवळात भेटली, काकू. पटेलच्या दुकानात भेटली, काकू. मावशी ती एखादीच, जिला अगं-तुगं करता येतं, जिच्या फ्रिजमध्ये न विचारता हात घालता येतो. माझ्या फ्रिजमध्ये त्या मुलीचा हात ती चालायला लागल्यापासून होता.

माझी मुलगी आणि ती एकाच वयाच्या. पण ही तिखट आणि ती गप्प. मराठीच्या बाबतीत तर ती मुकीच झाली होती, आणि त्याला कारण होतं. लहानपणी गणपतीत स्टेजवर सगळ्या मुलांना एकेक वाक्य बोलायचं होतं. तिला म्हणायचं होतं, ‘मला मोदक आवडतात.’ ती माईकसमोर ठणठणीत आवाजात म्हणाली, "मी मोदकांना आवडते!" अख्खा हॉल हसला. प्रेमानंच हसले हो, गालगुच्चे घेतले, पण पुढं कितीतरी वर्षं जो तो तिला ‘काय गं, मोदकांना आवडतेस का अजून?’ विचारत राहिला. त्यानंतर ती चारचौघांत मराठी बोललीच नाही. कोणी मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर. फक्त माझ्याशी, माझ्या स्वयंपाकघरात, मोडकंतोडकं बोलायची. "मावशी, तू मला भूक लागली आहे." मी हसायचे नाही. मी म्हणायचे, मला पण लागली आहे, चल.

ती बासरी शिकत होती. सुरेख वाजवायची. त्यामुळे त्या पोरसवदा तैराचं काम कुणाला द्यायचं हा प्रश्नच नव्हता. अडचण एवढीच की त्याला बोलायचं होतं, आणि मराठीत.

मी तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "ते हसले तर?"

"कोण हसतंय बघतेच मी. जीभ हासडून हातात देईन."

"मावशी, दॅट्स व्हेरी सामुराई."

आणि ती हो म्हणाली.

तालमी आमच्या गराजमध्ये. गाड्या बाहेर, पंखा लावलेला, तरी घामाच्या धारा. माझी मुलगी झाली होती म्हातारा योद्धा, कापसाची दाढी लावून. एकदा तिला दाताच्या डॉक्टरकडे जायचं होतं म्हणून तिच्या जागी मी उभी राहिले. त्या मुलीला मी वाळूत, म्हणजे जुन्या गालिच्यावर पाडलं, हेल्मेट मागं सारलं, आणि थबकले. इथं तिचं वाक्य होतं. त्या पोराला कळलेलं असतं की म्हातारा डगमगतोय, आणि मागून माणसं येतायत. तो म्हणतो, ‘थांबलात का? तुमची माणसं आली. उरका.’

ती खालून म्हणाली, "थांबलीस का? तुझी माणसं आली. उरक ना, मावशी!"

गराजमधली सगळी पोरं फुटली. आणि गंमत म्हणजे तीसुद्धा हसली, गालिच्यावर आडवी पडून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मराठीत चुकून ती पहिल्यांदा स्वतः हसत होती.

मी म्हटलं, "अगं, तो तुझा शत्रू आहे. त्याला काय अगं-तुगं करतेस? शत्रूला ‘तुम्ही’ म्हणायचं."

"व्हाय? शत्रूला रिस्पेक्ट?"

"रिस्पेक्ट नाही गं नुसता. परका आहे ना तो. आपल्या माणसाला ‘तू’, परक्याला ‘तुम्ही’. तू म्हटलंस की तो आपला झाला, मग तो मारील कसा?"

ती उठून बसली. हे तिला कोणी आजवर असं सांगितलंच नव्हतं. "सो इफ आय से तू, ही कान्ट किल मी."

"बरोबर. म्हणून ‘तुम्ही’ म्हण. म्हणजे नाटक पुढं जाईल."

मग तिनं मनावर घेतलं. तिची आई मला फोनवर म्हणाली, "अगं, ती बाथरूममध्ये मराठी बोलते यार! ‘थांबलात का, थांबलात का’ करत असते. माझ्या आईशी व्हिडिओ कॉलवर काल पाच मिनिटं मराठीत बोलली. माझी आई रडायला लागली."

आणि त्याच सुमारास आमच्यात यादवी झाली.

कशावरून? यादव निदान प्यायले तरी होते. आमच्यात गणपतीच्या मूर्तीवरून झाली. आमचे अध्यक्ष पुण्याचे. त्यांचं म्हणणं, पितळेची मूर्ती आहे मंडळाची, तिचीच पूजा करायची, बादलीत प्रतीकात्मक विसर्जन करायचं आणि पुढच्या वर्षासाठी गराजमध्ये ठेवायची. माझ्या मैत्रिणीचा नवरा उपाध्यक्ष. त्याचं म्हणणं, मुलांच्या हातून शाडूची मूर्ती करून घ्यायची, नाहीतर मुलं शिकणार काय? दोघांचंही बरोबर होतं. त्यामुळेच मिटेना. मूर्तीवरून घसरले ते पुणे-नागपूरवर आले, तिथून ‘तुम्ही लोक’वर, आणि मग व्हॉट्सअॅपवर जे काय झालं ते सांगायला नको. पंधरवड्यात गावात दुसरं मंडळ उभं राहिलं, निम्मी घरं तिकडं गेली, आणि दोन्ही गणपती एकाच शनिवारी ठेवले गेले. पितळेची मूर्ती आमच्या अध्यक्षांच्या गराजमध्ये होती, ती आमच्याकडे राहिली. साउंड सिस्टीम मैत्रिणीच्या नवऱ्याच्या गराजमध्ये होती, ती तिकडं गेली.

माझी मुलगी म्हणाली, "आई, धिस इज लिटरली तैरा टेकिंग द एम्परर."

मी म्हटलं, "गप गं." पण मनात म्हटलं, बरोबर आहे कार्टीचं.

मैत्रिणीचा फोन आला. मी तिची वाटच बघत होते, घाबरत. ती म्हणाली, "हे बघ, पुरुषांचं काय ते त्यांना करू दे. पोरीला मध्ये आणायचं नाही. ती तुझंच नाटक करेल. तिला ते सोडून दुसरं काही सुचत नाहीये. पुढच्या वर्षी ती कॉलेजला जाईल, मग कुठलं आलंय मराठी? नवऱ्याशी मी बोलते. तू तुझ्या लोकांचं बघ."

मी म्हटलं, "माझ्या लोकांची काय बिशाद आहे? नाटक माझं आहे."

असं म्हटलं मी. मोठ्या आवाजात म्हटलं.

पुढच्या रविवारी अध्यक्षांकडे कमिटीची मीटिंग होती. साबुदाण्याची खिचडी होती, दही होतं, सगळे गोड बोलत होते. मुलांच्या नाटकाचा विषय निघाला. कोणीतरी म्हणालं, "मेन रोल त्यांच्या मुलीचा आहे ना?" बस, एवढंच. मग दुसरी म्हणाली, "तसं काही नाही, पण लोक विचारतील ना. आपल्याकडे काय मुलं नाहीत?" तिसरं कोणी म्हणालं, "आणि त्या दिवशी त्यांचाही गणपती. ऐनवेळी बापानं तिकडं नेली म्हणजे?" सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. अध्यक्ष फार शांत माणूस. ते म्हणाले, "नाटक तुमचं, निर्णय तुमचा. आम्ही काही म्हणणार नाही."

त्यांनी हुकूम सोडला असता तर मी भांडले असते. शपथ सांगते, टेबल उलटं केलं असतं. पण हुकूम कोणीच सोडला नाही, नुसते बघत राहिले. आणि मी, जिच्या आवाजाला पोरं घाबरतात ती मी, खिचडीत चमचा फिरवत बसले. भीती कसली वाटली? एकटं पडायची. इथं आपले सख्खे कोणी नाहीत. दुखलं-खुपलं, कोणी गेलं, पोरीचं लग्न निघालं, तर हीच माणसं येणार आहेत दारात, हे वीस वर्षं डोक्यात बसलेलं. निम्मी आधीच गेली होती. उरलेली निम्मीही गेली तर? मी म्हटलं, "बघते मी."

दुसरी एखादी म्हणाली असती तर मी तिला सोडली नसती. मागं शेपूट घालून हो म्हणायचं आणि वर त्याला ‘बघते’ म्हणायचं.

मी मैत्रिणीला फोन करायला हवा होता. नाही केला. मुलीला तरी घरात बोलावून, समोर बसवून, खरं सांगायला हवं होतं. तेही नाही केलं. शनिवारी दुपारी तालीम होती. कमिटीतल्या दोघीजणी झेंड्यांचे बांबू घेऊन व्हॅनमधून आल्या होत्या, ड्राइव्हवेवर सामान उतरवत होत्या. ऑगस्टचं ऊन, डांबर तापून मऊ झालेलं. तेवढ्यात ती आली. नेहमीसारखी लवकर. तिनं गाडी रस्त्यावर लावली आणि बासरी, हेल्मेट सावरत पळतच माझ्याकडे आली.

"मावशी, ऐक! मी ‘तुम्ही’ फिक्स केलं."

"अगं, थांब जरा, मला तुझ्याशी..."

पण ती सरळ उभी राहिली, हात बाजूला, आणि सगळं बोलली. नाव विचारल्यावर जे म्हणायचं ते, आईला निरोप द्यायचा तो, सगळं. एक काना-मात्रा चुकली नाही. ‘ळ’सुद्धा आला. माझ्या डोळ्यांत बघून शेवटी म्हणाली, "थांबलात का? तुमची माणसं आली. उरका."

आणि चेहरा असा फुललेला, की शाबासकी दे आता.

मी म्हटलं, "छान केलंस गं. पण काय आहे ना, थोडा बदल करावा लागतोय. तुझं कॉलेज अॅप्लिकेशनचं वर्ष, तुझ्यावर प्रेशर नको. आणि तालमीला तुला वेळ कमी..." काय काय बोलले देव जाणे. वेळ कमी म्हणे. जी सगळ्यांच्या आधी येऊन उभी असते तिला मी तिच्या तोंडावर म्हटलं, तुला वेळ कमी पडतो.

ती ऐकत होती. मग तिची नजर माझ्या खांद्यावरून मागं गेली. त्या दोघी बांबू हातात धरून उभ्या होत्या, आमच्याकडे न बघितल्यासारखं करत. तिनं त्यांना पाहिलं, मला पाहिलं, आणि तिला सगळं कळलं. सतरा वर्षांची पोर, मला वाटलं रडेल, भांडेल, आईला फोन लावेल. मला तर वाटत होतं भांडावं तिनं, म्हणजे मला तरी तोंड फुटेल.

ती म्हणाली, "इट्स ओके, मावशी. तू बॅड फील करू नको."

हेल्मेट माझ्या हातात दिलं. बासरी मात्र तिची होती, ती घेऊन गेली. गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत मी ते पुठ्ठ्याचं शिंग कुरवाळत उभी होते. मागून एकजण म्हणाली, "समजूतदार आहे हो मुलगी." मी तिला काही बोलले नाही. तिला कशाला बोलू?

माझ्या मुलीला कळल्यावर तिनं दाढी काढून फेकली. "तूच लिहिलंस ना हे नाटक? डिड यू इव्हन रीड इट?" मी म्हटलं, आवाज खाली. तिनं आवाज खाली केला आणि मग आठवडाभर माझ्याशी कामापुरतंच बोलली. काम मात्र तिनं सोडलं नाही. म्हणाली, "मी करणार. समवन शुड डू इट राइट."

मैत्रिणीला मी संध्याकाळी फोन केला, हात जोडून माफी मागितली. ती ओरडली नाही. म्हणाली, "तू मला सांगितलं असतंस तर मीच तिला थांबवलं असतं गं. काहीतरी कारण काढलं असतं. ते तिनं तुझ्या तोंडून ऐकायला नको होतं."

नाटक झालं. भाड्यानं आणलेल्या साउंड सिस्टीमवर मोबाइलमधली बासरी वाजवली. त्या पोराच्या कामाला आमच्याकडचा एक गुटगुटीत मुलगा घेतला होता, गुणी होता बिचारा, पाठ केलेलं धडाधड बोलला. माझ्या मुलीनं त्याचं हेल्मेट मागं सारलं, थबकली, मग वळून पहिल्या रांगेकडे पाहिलं. तिथं कमिटी होती आणि कडेला मी. तिचं वाक्य होतं, ‘मागं पाहिलं तर सगळी माझीच माणसं.’ तालमीत ती ते ओरडून म्हणायची. त्या दिवशी साध्या आवाजात म्हणाली, आणि माझ्याकडे बघत म्हणाली. मग लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. बायका डोळे पुसत म्हणाल्या, काय लिहिलंयस गं!

तो नारळ फोडायची माझी हिंमत झाली नाही. ओट्यावर पडून पडून खवट झाला आणि शेवटी कचऱ्यात गेला.

त्या मुलीला मी मेसेज केला होता, लांबलचक, खरं खरं लिहून. तिचं उत्तर आलं, एक लाल बदाम. दिवाळीत चकल्या घेऊन त्यांच्या घरी गेले तर ती अभ्यासाला लायब्ररीत गेलेली. मैत्रीण चहा देते, बोलते, पण तिच्याकडून निघताना ‘थांब ना’ म्हणायची ते म्हणत नाही. माझा फ्रिज कोणी उघडेना. जपानातला तो म्हातारा पुढं संन्यासी झाला म्हणतात. मी कुठला संन्यास घेते! मी सोमवारी कामावर गेले, दुसऱ्यांच्या चुका काढल्या. नाटक मात्र पुन्हा बसवलं नाही.

आणि पुढच्या वर्षी, तुम्हाला खोटं वाटेल, दोन्ही मंडळं एक झाली. झालं काय, दोघांनाही हॉल मिळेना. गावात एकच मोठा हॉल, तोही एकच शनिवार मोकळा. मग अध्यक्ष आणि माझ्या मैत्रिणीचा नवरा कॉफी प्यायला भेटले आणि तासाभरात मिटवून आले. मधे पितळेची मूर्ती, शेजारी शाडूची मूर्ती, समोर साउंड सिस्टीम. दोघांनी स्टेजवर मिठी मारली, लोकांनी फोटो काढले. अध्यक्ष मला म्हणाले, "झालं गेलं विसरून जायचं, काय?" मी म्हटलं, हो ना.

ती शार्लट शहरातल्या कॉलेजातून शनिवार-रविवारसाठी घरी आली होती. मला ती आरतीला दिसली नाही. जेवणाच्या रांगेत दिसली, टेबलामागं, कुर्ता घालून, हातात मसालेभाताचा डाव. उंच झाली होती की मलाच तसं वाटलं कोण जाणे. मी रांगेत उभी राहिले. म्हटलं, आता समोर गेले की तिचा हात धरायचा, लोकांसमोर, आणि जे ड्राइव्हवेवर म्हणायचं राहिलं ते म्हणायचं. रांग सरकत होती. माझ्यापुढं एक नवीन बाई होती, त्याच वर्षी गावात आलेली, तिला आमचं कुणाचंच काही माहीत नव्हतं.

माझी पाळी आली. तिनं मला पाहिलं आणि हसली. चांगलं हसली, कुठं खोच नाही, राग नाही.

"नमस्कार काकू," ती म्हणाली. "तुम्ही कशा आहात? तुम्हाला भात वाढू का?"

एक चूक नव्हती. ‘ळ’ नव्हता त्यात, नाहीतर तोही आला असता.

ती नवीन बाई ताट घेऊन तिथंच घुटमळली होती, ती वळून म्हणाली, "अय्या, किती शुद्ध मराठी बोलतेस गं! इथं वाढलेली वाटत नाहीस. कुणी शिकवलं?"

"ह्या काकूंनी," ती म्हणाली, आणि माझ्या ताटात भात वाढला.